आधी गेट, मग ड्रेन

ॲम्प्लिफायर बनवतो असं सांगितलं की आमच्या भागात लोक माझ्यापुढे स्पीकर आणून ठेवतात. झाई गावच्या एका माणसाने तर नवरात्राच्या तोंडावर टेम्पोत घालून गरब्याचा अख्खा सेट माझ्या रानशेतच्या घरी आणला होता. मी म्हटलं, "हे माझं काम नाही हो." तर म्हणाला, "काका, एवढी वर्षं ॲम्प्लिफायर बनवता म्हणे, आणि एक सेट बघता येत नाय?" बघून दिला. फ्यूज उडाला होता. त्याने गावभर माझं नाव केलं, आणि पुढची दोन नवरात्रं माझ्या ओट्यावर नुसते डबडे स्पीकर येऊन पडत होते.

तेव्हा आधीच सांगून टाकतो. मी बनवायचो ते ॲम्प्लिफायर तळहातावर मावतात, त्यांतून आवाज येत नाही आणि त्यांच्यावर कोणी नाचत नाही. आकाशातून किंवा लांबच्या टॉवरवरून येणारा मायक्रोवेव्हचा सिग्नल अँटेनापर्यंत पोचतो तेव्हा त्यात काही जीव उरलेला नसतो. त्याला स्वतःची खरखर न मिसळता मोठं करायचं, एवढंच आमचं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण या फ्रिक्वेन्सीला साधी तारसुद्धा तार म्हणून वागत नाही. ती तिळाएवढी लांब झाली तरी सिग्नलला अडवते. डब्याचं झाकण लावलं की आतलं सगळं गणित बदलतं. आता बहुतेक ठिकाणी तयार चिप बसवतात, सगळं तिच्यातच असतं. आम्ही मात्र सुटे भाग घ्यायचो: ट्रान्झिस्टर, कपॅसिटर, रेझिस्टर, प्रत्येक खसखशीच्या दाण्याएवढा. सोन्याच्या रेघा असलेल्या पांढऱ्या सिरॅमिकच्या पट्टीवर ते मायक्रोस्कोपखाली चिकटवायचे आणि केसाहून बारीक सोन्याच्या तारेने एकमेकांना जोडायचे. या जोडणीला बॉन्डिंग म्हणतात. मग मी ट्यूनिंगला बसायचो. टूथपिकच्या टोकावर सोन्याच्या पत्र्याचा कण घ्यायचा, रेघेच्या कडेला ठेवायचा, स्क्रीनवरची वक्र रेघ किती हलली ते बघायचं, परत सरकवायचा. असा दिवस जातो. शिंक आली तर तोंड फिरवायलाही वेळ मिळायला हवा, नाहीतर सकाळपासूनचं काम उडून जातं.

हे सगळं तलासरीला, हायवेच्या आतल्या बाजूच्या एका शेडमध्ये चालायचं. मालक दिनेशभाई, उंबरगावकडचे, निम्मं मराठी आणि निम्मं गुजराती बोलणारे. आम्ही सगळे मिळून सात जण. ट्यूनिंगला मी, बॉन्डिंगला सुनीता धोडी. ती उधव्याची. आयटीआय करून आली तेव्हा तिने मायक्रोस्कोप फक्त बाहेरून पाहिला होता. बॉन्डिंग तिला मी शिकवलं. वर्षभरात माझ्यापेक्षा चांगलं करायला लागली आणि हे मी तिला कधीही बोलून दाखवलं नाही. माझ्या स्वभावात ते बसत नाही, किंवा बसत नव्हतं म्हणा. रोज सकाळी ती बांगड्या काढून जेवणाच्या डब्याच्या झाकणात ठेवायची, अंगावरची वीज जमिनीत उतरावी म्हणून मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधायची आणि बसली की दोन दोन तास मान वर करायची नाही. अकरा वर्षं तिने हेच केलं.

आता गोष्टीपुरती एकच तांत्रिक बाब समजून घ्या. आमच्या ट्रान्झिस्टरला दोन वीजपुरवठे लागतात. एक ड्रेनचा, तो पाण्याचा जोर समजा. दुसरा गेटचा, तो नळ समजा. गेटला उणे व्होल्टेज दिलं की नळ आवळला जातो. ते नसलं आणि ड्रेन चालू असला तर नळ सताड उघडा राहतो आणि ट्रान्झिस्टर डोळ्याची पापणी लवेपर्यंत जळतो. म्हणून चालू करताना आधी गेट, मग ड्रेन. बंद करताना आधी ड्रेन, मग गेट. हा क्रम मी शिकाऊ पोरांना पहिल्याच दिवशी पाठ करायला लावायचो. क्रम चुकला तर आपोआप ड्रेन तोडणारं एक छोटं सर्किट मिळतं. दिनेशभाई ते माझ्या टेबलावर बसवू या म्हणाले होते. मी म्हटलं, "माझा हात आहे ना. नवशिक्यांना लागतात ती खेळणी." माझ्या हातून त्या क्रमात कधी चूक झाली नव्हती, आणि त्याचा मला माज होता. सरळ सांगतो, माजच होता.

ऑर्डर आली सहा डब्यांची. एका संशोधनाच्या ठिकाणी जुने रिसीव्हर होते, त्यांना तसेच्या तसे ॲम्प्लिफायर हवे होते. अडचण पहिल्या पायरीच्या, म्हणजे सिग्नल आधी ज्यात शिरतो त्या ट्रान्झिस्टरची होती. त्या चिपचं उत्पादन कधीच बंद झालेलं. दिनेशभाईंनी कुठून कुठून चौकशी करून नऊ चिप मिळवल्या, काडेपेटीएवढ्या खोक्यात, जाळीवर बसवलेल्या. दहावी मिळणार नव्हती. डबे दिवाळीच्या आत द्यायचे होते आणि दिनेशभाईंनी शब्द देऊन ठेवला होता.

पहिले दोन डबे सप्टेंबरात झाले. सुनीताने बॉन्ड केले, मी ट्यून केले, झाकण लावून आठ तास चालू ठेवले. याला बर्न-इन म्हणतात. कच्चं काही असेल तर या आठ तासांत मरतं, गिऱ्हाइकाकडे जाऊन मरत नाही. दोन्ही डबे ठणठणीत निघाले. मी खुशीत होतो.

मग ऑक्टोबरचा उकाडा सुरू झाला. तिसरा डबा मी सकाळी चालू केला, मोजला, झकास होता. दुपारी सगळे व्हरांड्यात जेवायला बसलो. परत येऊन मोजतो तर स्क्रीनवरची रेघ तळाला. पहिली पायरी मेली होती. होतं असं कधीकधी. नशीब म्हटलं आणि डबा फळीवर ठेवला. त्याच्यात नवी चिप घालायचं काम नंतर, आधी पुढचे डबे उरकू.

चौथा डबाही दुपारनंतर मेला.

दिनेशभाई दर अर्ध्या तासाने टेबलापाशी येऊन उभे राहायचे. खिशातल्या चाव्या वाजवायचे. मी सुनीताला म्हटलं, "पट्टा नीट बांधतेस ना?" ती म्हणाली, "रोज मीटर लावून बघते, सर." मी म्हटलं, "साडी बदल. नायलॉन नको." दुसऱ्या दिवशी ती सुती साडी नेसून आली. कोरड्या हवेत अंगावर स्टॅटिक, म्हणजे स्थिर वीज, साठतं आणि बोट लागलं की चिपला त्याचा मार बसतो. गंमत अशी की हा मार लगेच दिसत नाही. चिप जखमी होते, चालत राहते आणि मग दोन तासांनी, चार तासांनी मरते. आमच्या धंद्यात कारण सापडलं नाही की सगळे स्टॅटिककडे बोट दाखवतात. स्टॅटिक कोणाला दिसत नाही, त्यामुळे ते नाहीही म्हणत नाही.

पाचवा डबा सुनीताने बॉन्ड करताना खोलीत कोणी हलतही नव्हतं. दिनेशभाईंनी दारावरचा देवाचा फोटो पुसला. मी डबा ट्यून केला. इतका सुंदर ट्यून झाला होता की बस. साडेदहाला बर्न-इनला लावला. जेवून आलो तेव्हा तोही गेला होता.

दिनेशभाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "भास्करभाई, तमे बोलो. चूक कुठे होते?"

मी म्हणालो, "बॉन्डिंग."

एकच शब्द. मागेपुढे काही जोडलं नाही. सुनीता तिच्या स्टुलावर बसली होती. ती उठली आणि म्हणाली, "सर, माझ्या हातून जिता गेलाय तो. तुम्ही मोजलाय." मी म्हटलं, "स्टॅटिकचा मार उशिरा दिसतो, तुला शिकवलंय मी." दिनेशभाई माणूस वाईट नाही. पण चार चिप उरल्या होत्या आणि चार डबे व्हायचे होते, तीन मेलेले आणि सहावा. त्यांनी तिला सांगितलं, "सुनीताबेन, थोडे दिवस घरी राहा. हे होऊन जाऊ दे, मग बघू." तिने झाकणातल्या बांगड्या हातात चढवल्या, एकेक करून, आणि गेली. मी त्या वेळी स्क्रीनकडे बघत होतो. स्क्रीन बंद होता.

सहाव्या डब्याचं बॉन्डिंग मी स्वतः करायला घेतलं. बऱ्याच वर्षांनी. डोळे पूर्वीचे राहिले नव्हते. पहिली तार चिपच्या कडेवर लागता लागता राहिली. तिसरी वाकडी बसली, तशीच ठेवली. सुनीता पाऊण तासात करायची ते करायला मला दुपार लागली. घामाने शर्ट पाठीला चिकटला. ही चिप मेली तर ऑर्डर बुडाली आणि दिनेशभाईंचा शब्दही. तो बुडाला असता तर शेड चालली असती की नाही, सांगता येत नाही. सातही घरं त्या शेडवर होती.

दुसऱ्या दिवशी मी डबा ट्यून करून बर्न-इनला लावला आणि जेवायला गेलोच नाही. बायकोने दिलेली नागलीची भाकर जेवणाच्या डब्यात तशीच. डाव्या हातात मीटर आणि उजवा हात ड्रेनच्या स्विचवर ठेवून मी बसलो. का ठेवला होता, विचाराल तर सांगता येणार नाही. भीतीने ठेवला होता. बाहेर व्हरांड्यात बाकीचे जेवत होते, कुजबुजत होते. टेबलफॅन माझ्या मानेवर वारा घालत होता. साडेबारा झाले. एक झाला. करंटचा काटा एका जागी उभा.

सव्वाच्या सुमारास वरची ट्यूबलाइट मिचकली. आमच्याकडे ते नेहमीचंच आहे, लाइट जाते आणि लगेच येते, कोणी वरही बघत नाही. मी काट्याकडे बघत होतो. काटा हळूहळू वर सरकायला लागला. नजर खाली गेली तर गेटच्या सप्लायवरचा लाल दिवा मंदावलेला. हाताने माझी वाट पाहिली नाही, ड्रेन खटकन बंद केला. ट्यूबलाइट परत लागली. लाल दिवा परत तेजाने पेटला. सगळं जसं होतं तसं दिसायला लागलं. आणि पंखा चालूच होता. पंखा क्षणभरही थांबला नव्हता.

मी तसाच बसून पंख्याकडे बघत राहिलो. पंखा थांबला नाही, म्हणजे पंखा इन्व्हर्टरवर होता. इन्व्हर्टरच्या बोर्डाला तीन सॉकेट. पूर्वी तिथे गेट, ड्रेन आणि मोजायचं मशीन असे तीन प्लग असायचे. उकाडा सुरू झाला त्या दिवशी, लाइट गेली तरी वारा मिळावा म्हणून, पंख्याचा प्लग मी तिथे लावला होता. जागा करायला एक प्लग काढून भिंतीच्या साध्या बोर्डाला टोचला होता. सगळ्यात छोटा सप्लाय होता म्हणून तोच काढला. गेटचा. मनात म्हटलं होतं, लाइट गेली तर मी समोर बसलेलाच असेन, ड्रेन बंद करीन. जेवायला जातो हे मी धरलंच नव्हतं.

लाइट मिचकली की गेट जायचं आणि ड्रेन चालू राहायचा. लाइट परत आली की गेटही परत यायचं. आम्ही जेवून आत यायचो तोवर सगळे दिवे जागच्या जागी लागलेले, आणि चिप मेलेली. जगाला क्रम शिकवणाऱ्या माणसाने स्वतःच्या मानेला वारा लागावा म्हणून तो क्रम मोडला होता.

सहावा डबा मोजला. जिवंत होता. अजून एक काम करायचंच होतं. फळीवरचे तीन डबे घेतले, झाकणाचे चार चार स्क्रू काढले आणि एकेक मायक्रोस्कोपखाली ठेवला. तिन्ही चिप मधोमध जळलेल्या. स्टॅटिकचा डाग गेटच्या कडेला, टाचणीच्या टोकाएवढा असतो. हा तसा नव्हता, करंटने भाजल्याचा होता, आंधळ्यालाही कळावा इतका. आणि सुनीताच्या तारा. प्रत्येकीची कमान सारखी, प्रत्येकीचं टोक नेमकं मधोमध. शेजारी सहाव्यातल्या माझ्या वाकड्यातिकड्या तारा. मला लाज वाटली. अशी लाज मला आयुष्यात दुसऱ्यांदा वाटलेली नाही.

दिनेशभाईंना पोट बिघडलं असं सांगून मी निघालो आणि मोटरसायकल थेट उधव्याला नेली. सुनीता घरामागच्या शेतात सासूबरोबर भात कापत होती. मला पाहून बांधावर आली. बोटाला फडक्याची पट्टी होती, विळा लागलेला. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, पंख्यासकट. ती ऐकत होती. सासू लांबूनच म्हणाली, "सरांना पाणी दे की." सुनीता हलली नाही.

म्हणाली, "तिकडे सांगितलात?"

"नाही. आधी तुझ्याकडे आलो."

"मला काय सांगता, सर. माझा हात मला ठाऊक हाय. सगळ्यांसमोर बोललात, तर सगळ्यांसमोरच सांगा."

मग पाणी दिलं. मी ते उभ्यानेच प्यायलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन लावायच्या आधी सगळ्यांना टेबलाभोवती बोलावलं. प्लग कुठे होता ते हातात धरून दाखवलं. तिन्ही जळलेल्या चिप मायक्रोस्कोपखाली ठेवून प्रत्येकाला बघायला लावल्या. म्हटलं, "चूक माझी. सुनीताची काडीची नाही." दिनेशभाई बराच वेळ आयपीसला डोळा लावून उभे होते. मग म्हणाले, "पंखो?" मी म्हटलं, "पंखा." ते बाहेर जाऊन सुनीताला फोन लावायला लागले. ड्रेन तोडणारं ते सर्किट त्याच दिवशी टेबलावर बसलं. पंखा मी घरी नेला.

ती सोमवारी आली. बांगड्या झाकणात, पट्टा मनगटाला. बोटावरची पट्टी काढून तिने बारीक टेप लावली होती. तीन चिप, तीन डबे, हाताशी एकही जादा नाही. तिचा डबा झाला की मी तो मायक्रोस्कोपखाली धरायचो आणि एकेक तार बघायचो. पूर्वी कधी बघत नसे. ती बाजूला उभी राहून माझ्याकडे बघायची. मी म्हणायचो, "फार सुरेख." ती "हं" म्हणायची. डबा बर्न-इनला लावला की दोघंही तिथेच जेवायचो, मी टेबलाच्या या टोकाला, ती त्या टोकाला, नजर काट्यावर. लाइट दोनदा मिचकली. दोन्ही वेळा काटा जागचा हलला नाही, पण माझा घास तोंडात तसाच राहिला.

तिन्ही डबे जगले. सहाच्या सहा दिवाळीआधी रवाना झाले. दिनेशभाईंनी पेढे वाटले.

पेढा खाऊन झाल्यावर सुनीताने अर्थिंगचा पट्टा गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाली, "सर, उद्यापासून येत नाय. भाईंना सांगितलंय. ऑर्डर अर्धी टाकायची नव्हती म्हणून आले." मला वाटलं भातकापणीसाठी म्हणते. म्हटलं, "कापणी संपली की ये." तिने मान हलवली. मग मी, जे आधी कधी केलं नव्हतं ते केलं. बाकी सगळे ऐकत असताना म्हटलं की तुझ्याएवढं बॉन्डिंग मलाही येत नाही, चुकलो मी, माफ कर, थांब.

"माफ केलंय कधीच," ती म्हणाली. "पंख्याचं कोणाकडूनही होईल. मला त्याचा राग नाय."

"मग कशाचा आहे?"

ती बांगड्या चढवत होती. शेवटची चढेपर्यंत थांबली.

"मेलेले डबे इतके दिवस फळीवर होते, सर. झाकण उघडायला दोन मिनटं लागतात."